आम्हाला कोणी विचारलं?

अठराव्या वर्षी मी इंजिनिअरिंगच्या फर्स्ट इयरला होतो आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रश्न होता, एम-वन सुटेल का! (तुमचंही तेच असणार.) मधु लिमये त्या वयात धुळ्याच्या तुरुंगात होते. गुन्हा? युद्धाविरुद्ध प्रचार.

तर झालं असं. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगोने जाहीर करून टाकलं की हिंदुस्थान जर्मनीविरुद्ध युद्धात उतरलाय. लोकांनी निवडून दिलेल्या कोणालाही विचारलं नाही. आमचा बीड जिल्हा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. निजाम इंग्रजांचा दोस्त, त्यामुळे तिथे रयतेला विचारायचा प्रश्नच नव्हता!

ऑक्टोबर १९४० मध्ये विनोबांनी पवनारला युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. त्याच महिन्यात पुण्याचे तरुण समाजवादी लिमये युद्धाविरुद्ध बोलत फिरू लागले आणि पकडले गेले. सुटले ते सप्टेंबर १९४१ मध्ये.

आता तुम्ही म्हणाल, अरे पण समोर हिटलर होता की! बरोबर. समाजवाद्यांनाही त्याचा पुळका नव्हता. त्यांचं म्हणणं एवढंच, की जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढताय ना, मग आधी आमचं द्या. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला आणि पुढे कम्युनिस्टांच्या लेखी तेच युद्ध 'लोकयुद्ध' झालं. समाजवादी मात्र हलले नाहीत. लिमये १९४२ ला भूमिगत झाले, सप्टेंबर १९४३ मध्ये परत आत, ते थेट जुलै १९४५ पर्यंत.

हिटलर जिंकला असता तर काय, याचं उत्तर या भूमिकेत मला सापडत नाही. पण लिमयांचा प्रश्न फक्त इंग्रजांसाठी नव्हता, हे महत्त्वाचं. १९५५ मध्ये गोव्यात सत्याग्रह केला, पोर्तुगीजांनी १२ वर्षांची सजा ठोठावली. १९५७ मध्ये सुटका झाली. आणि आणीबाणीत, जुलै १९७५ पासून, ते स्वतंत्र भारताच्या तुरुंगात! मुदत संपलेल्या लोकसभेने निवडणूक न घेता स्वतःलाच मुदतवाढ दिली, तेव्हा त्यांनी तुरुंगातूनच खासदारकीचा राजीनामा दिला. मतदारांना कोणी विचारलं? प्रश्न तोच, फक्त सरकार आपलं.

१९९५ मध्ये ते गेले. ना स्वातंत्र्यसैनिकाची पेन्शन घेतली, ना खासदारकीची. तुरुंगवासाचं बिल त्यांनी देशाला कधी पाठवलंच नाही.

टीव्हीवर युद्धाचे ढोल वाजायला लागले की प्रश्न विचारणारा पहिल्या तासातच देशद्रोही ठरतो. तो बरोबर असेल किंवा चूकही असेल. पण त्याला गप्प करण्याआधी धुळ्याच्या तुरुंगातलं ते अठरा वर्षांचं पोरगं आठवून बघा.