माणसें न्यावीं कीं काम आणावें?

एके काळीं आगबोटींचा प्राण दक्षिण वेल्सच्या डोंगरांत होता, असें म्हटलें तर त्यांत फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. थोडा धूर आणि प्रखर आंच या गुणांमुळें तेथील कोळसा ब्रिटिश आरमाराला विशेष प्रिय होता. पोर्ट सैद, एडन येथें त्याचे ढीग रचलेले असत. आपल्याकडून विलायतेस गेलेल्या पणजोबांच्या बोटीनेंहि तोच जाळला असेल! १९१३ सालीं या प्रदेशांतून ५ कोटि ६८ लक्ष टन कोळसा निघाला.

पुढील उतरती कळा अनेक अंगांनीं आली. जहाजें खनिज तेलाकडे वळलीं. जर्मनीनें युद्धदंडादाखल दिलेला कोळसा युरोपच्या बाजारांत आला. १९२५ सालीं चर्चिल यांनीं पौंड जुन्या सुवर्णदरावर नेऊन बसविल्यामुळें ब्रिटिश माल परदेशांत महागला. १९२६ सालच्या टाळेबंदींत तर खाणकामगारांचा पुरा मोड झाला.

सरकारला प्रथम सुचलेला उपाय सोपा होता : काम असेल तेथें माणसांनीं जावें! १९२८ सालीं त्याकरितां एक मंडळ नेमलें गेलें आणि तरुणांना लंडनकडे व मध्य इंग्लंडकडे पाठविण्यास आरंभ झाला. ऱ्हॉन्दा खोऱ्याची लोकसंख्या १९२१ सालीं सुमारें १ लक्ष ६२ हजार होती, ती दहा वर्षांत १ लक्ष ४१ हजारांवर आली. वहीखात्याच्या दृष्टीनें हें ठीकच झालें. पण गांव म्हणजे मजुरांची नुसती बेरीज नव्हे. प्रार्थनामंदिर, गायकवृंद, कामगारांच्या वर्गणीवर उभें राहिलेलें वाचनालय, या सर्वांचा भार वाहणारे खांदेच निघून गेले. शिवाय कर देणारे घटले, मदत मागणारे राहिले. म्हणून स्थानिक करांचे दर चढले, आणि त्या दरांना भिऊन कारखानदार तिकडे फिरकेनात. औषधानेंच रोग बळवावा, तसा हा प्रकार!

१९३४ सालीं धोरणानें अर्धवट कूस बदलली. खास कायदा होऊन दक्षिण वेल्ससह चार पीडित प्रदेश ठरविण्यांत आले, दोन कमिशनर नेमले गेले व २० लक्ष पौंड मंजूर झाले. मात्र नफ्यासाठीं चालणाऱ्या धंद्यास या पैशांतून मदत करावयाची नाहीं, अशी मेख कायद्यांतच होती. म्हणजे गटारें बांधावीं, मैदानें करावीं, पण रोजगार आणूं नये! इंग्लंड-वेल्सचे कमिशनर सर माल्कम स्ट्यूअर्ट स्वतः कारखानदार होते. त्यांनीं हें वैगुण्य आपल्या अहवालांत स्पष्ट मांडलें, कारखानदारांना सवलती द्याव्या व लंडनभोंवतीं नव्या कारखान्यांस आळा घालावा असें सुचविलें, आणि १९३६ सालीं ते त्या जागेवरून दूर झाले.

त्याच नोव्हेंबरांत आठवा एडवर्ड डाउलिस येथील बंद पडलेल्या पोलादाच्या कारखान्यापुढें उभा राहिला आणि कांहींतरी केलेंच पाहिजे, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले. महिनाभरांत त्यानें राज्यत्याग केला. लोकांच्या स्मरणांत राजा राहिला. मला श्रेय स्ट्यूअर्ट यांना द्यावेंसें वाटतें.

ट्रेफॉरेस्ट येथें सरकारी पैशानें तयार इमारती बांधून त्या भाड्यानें देण्याची योजना त्याच वर्षीं सुरू झाली. १९३७ च्या कायद्यानें भाडें व करांतहि साहाय्य मिळूं लागलें. आणि तेथें आले कोण? हिटलरच्या छळामुळें जर्मनी, ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया सोडून निघालेले अनेक ज्यू कारखानदार! स्वदेशींच्या भांडवलाला जें धाडस झालें नाहीं, तें देशोधडीला लागलेल्यांनीं केलें. पण हें काम हलकें असल्यानें बरेंचसें मुलींना मिळालें. मुलगी सकाळच्या गाडीनें कारखान्यांत जाते, आणि ज्याच्या छातींत कोळशाची धूळ बसली आहे तो पन्नाशीचा बाप चुलीपाशीं बसून राहतो, अशी नवीच घरें त्या खोऱ्यांत दिसूं लागलीं. त्याच्यासाठीं कोणत्याच कायद्यांत कलम नव्हतें.

१९३९ सालीं एका अभ्यासमंडळानें तर मर्थर टिडफिल हें सबंध शहरच उठवून दुसरीकडे वसवावें, असें सुचविलें. तेवढ्यांत युद्ध आलें आणि रिकामे हात एकाएकीं अपुरे पडूं लागले. पुढें १९४५ च्या कायद्यानें उद्योगांची वांटणी हें सरकारचें नित्याचें कर्तव्य ठरलें. मर्थर जागचें हललें नाहीं. १९४८ सालीं तेथें हूव्हर कंपनीचा धुलाईयंत्रांचा कारखाना निघाला. तो २००९ सालीं बंद पडला.