दक्षिणा ते संशोधनवृत्ती : एका समाजशास्त्रज्ञ स्त्रीच्या शिक्षणाचा खर्च

सुरतेत दक्षिण गुजरात विद्यापीठाच्या आवारात सेंटर फॉर सोशल स्टडीज ही संस्था आहे. प्रा. आय. पी. देसाई यांनी १९६९ मध्ये ती स्थापन केली. ग्रामीण गुजरातमधील अस्पृश्यतेचा त्यांचा अभ्यास समाजशास्त्राच्या शिक्षकांना परिचित असेलच. देसाई हे मुंबई विद्यापीठातील डॉ. गो. स. घुर्ये यांचे विद्यार्थी. त्यांच्या पुष्कळ आधी घुर्ये यांच्याच हाताखाली पुण्याची एक विद्यार्थिनी शिकत होती, इरावती कर्वे (१९०५-१९७०). त्यांच्या शिक्षणाला पैसा कोठून आला, हे पाहणे प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इरावतीबाई १९२६ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. पुढे त्यांना दक्षिणा फेलोशिप मिळाली आणि १९२८ मध्ये चित्पावन ब्राह्मणांवरील प्रबंध लिहून त्या एम. ए. झाल्या. या फेलोशिपचे नावच तिचा इतिहास सांगते. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावी श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देत असत. गुजरात ही या घराण्याच्या मोहिमांची भूमी. १७३१ मध्ये त्यांचे पुत्र त्रिंबकराव डभोईच्या लढाईत पडल्यावर पहिल्या बाजीरावाने ही प्रथा पुण्यात चालू ठेवली. पेशवाई गेली तरी इंग्रजांनी ती एकदम बंद केली नाही. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली ती याच निधीतून.

१८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि इतर काही सुशिक्षितांनी सरकारकडे अर्ज केला. दक्षिणेतील काही रक्कम मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी द्यावी, अशी त्यांची मागणी होती. सनातनी मंडळी खवळली. तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. अर्जाला यश आले. पुढे याच निधीतून कॉलेजातील हुशार पदवीधरांसाठी फेलोशिपा निघाल्या. न्यायमूर्ती रानडे हे अशाच दक्षिणा फेलोंपैकी एक. जो पैसा प्रारंभी केवळ ब्राह्मण पुरुषांच्या ओंजळीत पडत होता, तो सुमारे दोनशे वर्षांनी समाजशास्त्र शिकणाऱ्या एका स्त्रीच्या हाती आला. अर्थात तीही ब्राह्मणच होती, हे विसरून चालणार नाही.

पुढचा टप्पा अधिक बोलका आहे. इरावतीबाईंना जर्मनीत जाऊन संशोधन करायचे होते. पती दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले, त्यांची संमती होती. सासरे धोंडो केशव कर्वे यांना मात्र हे पसंत नव्हते. ज्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले, त्यांच्याच घरातील ही गोष्ट! खर्चासाठी डॉ. जीवराज मेहता यांनी कर्ज दिले. हे मेहता पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. बर्लिनमध्ये मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठतेचे कट्टर समर्थक. कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा वंशाशी संबंध असावा, ही त्यांची अपेक्षा इरावतीबाईंच्या मोजमापांनी खोटी ठरवली.

परतल्यावर लगेच संशोधनाची जागा मिळाली असे नाही. १९३१ ते १९३६ त्या मुंबईत महिला विद्यापीठाचे कार्यालयीन काम पाहत होत्या. डेक्कन कॉलेजात १९३९ मध्ये त्यांना अध्यापन व संशोधनाची जागा मिळाली. डॉक्टरेट आणि स्थिर नोकरी यांच्यामधली ही वर्षे कोणत्याही वृत्तीच्या नियमावलीत दिसत नाहीत, आणि नेमकी याच काळात संशोधन सोडणाऱ्या मुली आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

हा इतिहास आज आठवण्याचे कारण आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर २००९ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप सुरू झाली आणि तीत ३० टक्के जागा स्त्रियांसाठी ठेवल्या गेल्या. इतर योजनांशी ती जुळते असे कारण देऊन २०२२-२३ पासून नव्या निवडी बंद झाल्या. शासनाचा युक्तिवाद कागदावर बरोबर वाटतो. परंतु घरातून पहिल्यांदाच एम. ए. पर्यंत पोहोचलेल्या मुलीला अनेक योजनांपैकी एक निवडायची नसते. तिला अर्ज करण्याजोगी एक तरी योजना माहीत असावी लागते, आणि ती माहिती बहुधा महाविद्यालयातील शिक्षकाकडूनच मिळते.

लिंबायत-उधना भागात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे राहतात. तेथील मुलींसाठी सुरतेतील ही संशोधन संस्था आणि तिचे ग्रंथालय बसच्या अंतरावर आहे. आणखी एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच. डी. करणाऱ्या स्त्रियांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा दिली, आणि २०२२ च्या नियमांतही ती सवलत कायम आहे. लग्न ठरले म्हणून नोंदणी रद्द करायला निघालेल्या विद्यार्थिनीला आणि तिच्या वडिलांना हा नियम दाखवता येतो.