मुक्काम : एका शब्दाची रानातली हकीकत

रिसोडला कुणाला पत्र पाठवायचे झाले, तर पाकिटावर 'मु. पो. रिसोड, जि. वाशीम' असे लिहिण्याची रीत आहे. यातल्या 'पो.'चा अर्थ सर्वांना ठाऊक असतो, 'मु.'कडे मात्र सहसा लक्ष जात नाही. 'मुक्काम' हा शब्द अरबीतील 'मकाम'वरून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. मूळ अर्थ उभे राहण्याची, थांबण्याची जागा. मराठीने या शब्दाला दोन अर्थ दिले. प्रवासी एका रात्रीपुरता थांबतो तो मुक्काम, आणि माणूस पिढ्यान्‌पिढ्या जिथे नांदतो तोही मुक्कामच. गावात हे दोन्ही अर्थ गुण्यागोविंदाने राहतात. रानात मात्र ते समोरासमोर उभे ठाकतात, आणि कोणता अर्थ कोणाच्या वाट्याला यावा हा प्रश्न इतिहासाचा होतो.

वाशीम जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ ही अभयारण्ये जवळ असली, तरी रिसोडकडचा माणूस 'जंगलात राहायला जाऊन आलो' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा मेळघाट असतो. अकोला-अकोटमार्गे शहानूरला किंवा अमरावती-परतवाडामार्गे सेमाडोहला. सेमाडोहला सिपना नदीच्या काठी वनखात्याचे पर्यटन संकुल आहे आणि सुट्यांच्या दिवसांत तिथे चांगलीच वर्दळ असते. गाड्या लागतात, मुलांचे थवे नदीकडे धावतात, रात्री गाण्याच्या भेंड्या रंगतात. शांतता शोधायला आलेली माणसे एकमेकांच्या शांततेत भर घालत नाहीत एवढेच. पण त्याच सिपनेच्या काठी सेमाडोह नावाचे एक नांदते गावही आहे. म्हणजे एकाच नावाच्या जागी दोन मुक्काम आहेत. एक आरक्षणाच्या पावतीवरचा आणि दुसरा पाकिटावरच्या पत्त्यातला. ही जोडी कशी तयार झाली, हे पाहण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

मुक्कामाची बारकाईने नोंद ठेवण्याची सवय मराठीला फार जुनी आहे. महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी'त श्रीचक्रधरांच्या संचाराची स्थळे नोंदवलेली आहेत, आणि ती नोंदवताना थांबण्याचे प्रकार वेगळे केलेले आहेत. जिथे स्वामी काही काळ राहिले ते अवस्थान, जिथे रात्र काढली ते वसतिस्थान, जिथे नुसते बसले ते आसनस्थान. मेळघाटाच्या पायथ्याकडचा साळबर्डीचा डोंगरही परंपरेने चक्रधरांच्या एकांतवासाशी जोडलेला आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकाने इथे लक्षात घ्यावे ते हे, की या वर्गीकरणात मालकीचा विचार नाही. जागा पवित्र होते ती कोणीतरी तिथे थांबल्याने. थांबणाऱ्याने ती आपल्या नावे करून घेतल्याने नव्हे.

दुसरा मुक्काम तांड्याचा. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे. आज 'तांडा' म्हटले की गावालगतची वस्ती डोळ्यांपुढे येते. पण मुळात तांडा म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून चालणारा काफिला. चराई आणि पाणी पाहून तो रानात उतरायचा आणि उजाडताच उठायचा. १८०३च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेने मेळघाटच्या तोंडावरचा गाविलगड घेतला, तेव्हाच्या मोहिमेत तिचे पोट मोठ्या प्रमाणात याच बंजाऱ्यांच्या बैलांवर चालले होते. पुढे लोहमार्ग आले. १८६७मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली आणि लदणीचा व्यापार मोडत गेला. चालणारा तांडा थांबला. चालीचे नाव वस्तीचे नाव झाले. 'मुक्काम' या शब्दाच्या दोन अर्थांमधला प्रवास एका अख्ख्या समाजाने असा स्वतःच्या आयुष्यात केला, आणि तोही फारसा स्वखुशीने नाही.

तिसरा मुक्काम साहेबाचा. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६५ आणि १८७८ या वर्षी वनांचे कायदे झाले, आणि जंगल ही सरकारने मोजायची, राखायची व विकायची वस्तू ठरली. हिवाळ्यात तंबू घेऊन दौऱ्यावर निघणे हा अधिकाऱ्याच्या नोकरीचा भाग होता. पुढे रानवाटांवर विश्रामगृहे उभी राहिली. जेम्स फोर्सिथ या वनाधिकाऱ्याने १८६२मध्ये पचमढीला आपला 'बायसन लॉज' बांधला; सातपुड्याच्या रानांवरचे त्याचे पुस्तक १८७१मध्ये निघाले. ते आजही वाचनीय आहे. रान, शिकार, गोंड-कोरकूंच्या चालीरीती, सारे त्यात जिवंतपणे येते. पण फिरत्या शेतीवर, म्हणजे झाडे तोडून, जाळून, त्या राखेत पेरण्याच्या पद्धतीवर, त्याचा राग आहे. तंबूत राहणाऱ्याला डोंगरावर नांदणारा माणूस जंगलाचा शत्रू वाटतो, ही दृष्टी आपल्याकडे त्या काळात रुजली.

याच व्यवस्थेने 'वनग्राम' नावाचा एक चमत्कारिक प्रकार जन्माला घातला. लाकूडतोडीला, वणवा विझवायला, रस्ते करायला मजूर हवेत. म्हणून वनखात्याने आपल्याच हद्दीत गावे वसवू दिली. जमीन कसायला मिळे, पण ती खात्याची. राहणे कामाच्या अटीवर. म्हणजे पत्ता होता, पण त्यातला 'मु.' दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होता. मेळघाटातल्या कितीतरी कोरकू कुटुंबांचा मुक्काम या स्वरूपाचा होता.

स्वातंत्र्यानंतर हेतू बदलला. १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाटाचा समावेश झाला. १९८७मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. राष्ट्रीय उद्यानाचे नियम अभयारण्याहून कडक. तिथे गुरे चारण्यासही मनाई. वाघ वाचायला हवा होता, आणि माणसाचा वावर कमी झाल्यावाचून तो वाचणे अवघड होते, हे खोटे नाही. पण वावर कोणाचा कमी करायचा, हे ठरवताना पर्यटकाच्या आधी रहिवाशाकडे बोट गेले.

मराठी अरण्यवाङ्मय याच काळात बहरले, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. मेळघाटाच्या उंबऱ्यावरच्या परतवाड्यात १९१६मध्ये गो. नी. दांडेकर जन्मले. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले आणि त्या वास्तव्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत मेळघाटासह विदर्भातली राने पायांखाली घातली आणि त्यांतून मराठीला पक्ष्यांची, झाडांची, रानातल्या बोलीतली असंख्य नावे मिळाली. हे ऋण मोठे आहे. तरीही या परंपरेचा वाचक म्हणून एक प्रश्न विचारायला हवा : या लेखनातला 'मी' कुठे बसलेला असतो? बहुधा विश्रामगृहात किंवा त्याच्या आसपास. सोबतचा आदिवासी वाटाड्या त्याला खुणा दाखवतो, नावे सांगतो. चितमपल्लींनी तर हे ज्ञान कोणाचे, ते आदराने नोंदवले आहे. पण संध्याकाळी लेखक आपल्या खोलीकडे वळतो आणि वाटाड्या आपल्या घरी जातो, तेव्हा आपले वाचन लेखकाबरोबर जाते. वाटाड्याच्या घराकडे जाणारी वाट मराठी गद्यात फारशी मळलेली नाही.

ती वाट पुढे कुठे गेली? या शतकाच्या सुरुवातीस मेळघाटातील कोहा, कुंड आणि बोरी या गावांचे अकोट तालुक्यात पुनर्वसन झाले. मागाहून आणखी गावे उठली. २००८पासून व्याघ्रक्षेत्रातून स्वेच्छेने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला दहा लाख रुपयांचा पर्याय आला. हे सारे जुलमाचे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मेळघाटातील बालमृत्यू १९९३मध्ये चव्हाट्यावर आले होते. दवाखाना, शाळा, रस्ता यांच्यासाठी खाली यावे असे अनेकांना मनापासून वाटले. पण खाली आल्यावर जमीन आणि सोयी यांविषयीच्या तक्रारी राहिल्या, काही कुटुंबे जुन्या गावी परतली, आणि जानेवारी २०१९मध्ये केलपाणी परिसरात गावकरी व वनकर्मचारी यांच्यात संघर्ष झाला. त्याआधी २००६च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे मान्य केले होते. कायद्याने मान्य केले म्हणजे तो मिटला, असे मात्र झाले नाही.

पर्यटकाचा हक्कही एकदा डळमळला. २४ जुलै २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्रप्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले, आणि त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला नव्या मार्गदर्शक तत्त्वांसह ते पुन्हा खुले झाले. दोघांच्या अनिश्चिततेतला फरक इथे स्पष्ट दिसतो. पर्यटकाची बंदी तीन महिन्यांत उठली. रहिवाशाने गाव सोडले, की तो त्याच रानात पुन्हा येतो तो पाहुणा म्हणून, मजूर म्हणून किंवा अतिक्रमण करणारा म्हणून.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर बसून प्राणी मोजण्याचा उपक्रम असतो. शहरांतली माणसे नाव नोंदवून येतात, चांदण्यात रात्रभर गप्प बसतात आणि सकाळी कागदावर आकडे देतात. अस्वल किती, गवे किती, वाघ दिसला की नाही. हा मुक्काम चांगला आहे. माणसाला गप्प बसायला लावणारे उपक्रम आपल्याकडे थोडेच. पण त्या कागदावर एक रकाना नसतो : हा पाणवठा ज्यांच्या गुरांचा होता, ते आता कुठे आहेत?

तो रकाना वनखात्याच्या कागदावर येईल तेव्हा येईल. साहित्याच्या अभ्यासकाला तोवर थांबण्याचे कारण नाही. अरण्यावरचे पुढचे पुस्तक वाचताना त्याने एवढे पाहावे, की लेखक रानात कोणत्या अर्थाने मुक्कामाला आहे आणि त्याच पानावर दुसऱ्या अर्थाचा मुक्काम असलेला माणूस आहे की नाही. रिसोडच्या पाकिटावरचा 'मु.' इतका साधा आणि निर्धास्त दिसतो. कोहा, कुंड, बोरी या गावांना तो पुन्हा लिहावा लागला.