थांबलेले अंडे



गेल्या ईस्टरला धर्मशिक्षणाच्या मुलांसाठी अंडी उकडण्याचे काम माझ्याकडे होते. ताजी ती चांगली, म्हणून त्याच सकाळची गावठी अंडी आणली. सोलताना कवचाबरोबर पांढरा भागही निघाला. एकही अंडे धड राहिले नाही. चूक शोधता शोधता मी ख्रिस्तसभेच्या इतिहासात पोहोचले.

इ. स. 692 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेने उपवासकाळातल्या शनिवार-रविवारीही अंडी व चीज वर्ज्य ठरवले. मध्ययुगात पश्चिमेकडेही अंड्यांचा उपवास होता. पण कोंबड्यांना कुठला उपवास? त्या अंडी घालतच राहिल्या. साठलेली अंडी ईस्टरला खाल्ली आणि वाटली जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या 1290 च्या हिशेबात ईस्टरच्या 450 अंड्यांसाठी 18 पेन्स नोंदले आहेत. 1614 च्या रोमन विधिग्रंथात तर अंड्यांच्या आशीर्वादाची प्रार्थनाच आहे. ईस्टरचे अंडे उपवासाच्या पोटी जन्मले.

आणि उकडण्यासाठीही थांबलेले अंडेच चांगले! ताज्या अंड्याचा पापुद्रा पांढऱ्या भागाला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा आतला वायू कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून निघून जातो आणि पापुद्रा सैल होतो. म्हणून आठ-दहा दिवस फ्रिजमध्ये ठेवलेली अंडी घ्यावीत. उकळत्या पाण्यात अलगद सोडून मंद आचेवर दहा-बारा मिनिटे ठेवावीत आणि लगेच थंड पाण्यात घालावीत. जास्त उकडले, तर पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे येते.

शिरगावात वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते. लोक तिला म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीची बहीण मानतात. जत्रेआधी धोंड सोवळ्यात राहून व्रत पाळतात, मांस-मासे सोडतात. त्यांच्याकडे पाहिले की मला स्वतःची लाज वाटते. अंडे आज आपल्याला वर्ज्य नाही. पण काहीच न सोडता मी ईस्टरच्या ताटावर बसते.

येत्या उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात अंडी आणून ठेवूया आणि त्यांना हात लावू नये. ईस्टरला पहिले अंडे सोलून, ज्याच्या घरी सण नाही त्याला देऊया. पुनरुत्थित प्रभू आपल्याला थांबायला शिकवो. आमेन.