शिमग्याचा चेंडू

पुतण्या कोल्हापूरला इंजिनिअरिंगला आहे. होळीच्या चार दिवस आधी त्याला फोन केला. इकडे वऱ्हाडात, सोनाळ्यात, पोरांनी शेणाच्या चाकोल्या थापून, वाळवून माळा ओवल्या होत्या, घरात साखरेच्या गाठी येऊन पडल्या होत्या, आणि हा गडी म्हणतो, "काका, धुळवडीले नाई जमत. रविवारी मॅच हाये, आन् त्याच्या आंधी तालमीत जमाचं हाये सगळ्याइले."

"तालमीत? नाटक बसवून राह्यले काय बे तुमी?"

"नाटक नाई हो काका. फुटबॉल!"

सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाचा गोंधळ होणं साहजिक आहे. आमच्याकडे पैलवान घुमतो तो आखाड्यात, आणि तालीम म्हटली की डोळ्यांपुढे येतं गणपतीतलं नाटक: हातात वह्या, प्रॉम्प्टर घसा खाकरतोय, नायिका अजून शेतातून यायची आहे. तालमीत फुटबॉल कसा शिरला, हे काही केल्या डोक्यातून जाईना. मग शोधत बसलो. शोध कोल्हापुरात सुरू झाला आणि इंग्लंडातल्या एका ओढ्यापाशी जाऊन पोचला. मजा अशी की तिथेही शिमगाच चालू होता.

आधी शब्द. 'तालीम' अरबीतून, फारसीच्या वाटेनं आला. इल्म म्हणजे ज्ञान, त्याच धातूपासून तालीम म्हणजे शिकवणं. उर्दूत आणि हिंदीत तो अजून शाळेतच बसलेला आहे. आमच्या विदर्भातच, वर्ध्याला, 1937 साली गांधीजींनी शिक्षणाची नवी योजना मांडली, तिचं नाव 'नई तालीम'. मराठीत मात्र हा शब्द शाळेतून पळाला आणि दोन घरी राहिला. एक घर रंगभूमीचं, दुसरं लाल मातीचं. कोल्हापुरात ही दोन्ही घरं पाठीला पाठ लावून उभी आहेत. राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपात गेले, रोमचं कलोझियम पाहून आले, आणि त्या धर्तीवर त्यांनी खासबाग मैदान बांधायला घेतलं. 1912 साली ते पुरं झालं. मधे खोलगट भागात हौद, भोवती चढत जाणारी बैठक. कुठंही बसा, पुढच्याचा फेटा आड येत नाही. त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, म्हणजे आताचं केशवराव भोसले नाट्यगृह. 2024 च्या ऑगस्टमध्ये आगीनं त्याची राख केली तेव्हा नाटकवाल्यांइतकेच कुस्तीवालेही हळहळले असतील.

खासबाग हे फडाचं मैदान. रोजचा घाम गळायचा तो पेठांमधल्या तालमींत. तालीम म्हणजे बुटक्या दाराची, जाड भिंतींची खोली. आत मारुती, आणि हौदात तांबडी माती, ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. अनवाणी उतरायचं, मातीला हात लावून कपाळाला लावायचा, मग जोर-बैठका. बाहेर कट्टा. या कट्ट्याकडे नीट लक्ष द्या, कारण पुढची सगळी कथा हौदात नाही, कट्ट्यावर घडलेली आहे. पेठेतला जो पोरगा कधी लंगोट बांधणार नाही तोही संध्याकाळी कट्ट्यावर असतोच. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, कुणाच्या घरी मयत झाली तर खांदा द्यायला पुढे येणारे तालमीचे. तालमीचा सभासद व्हायला अर्ज लागत नाही. त्या गल्लीत जन्माला आलं की झालं.

शाहूंचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांच्या काळात कोल्हापुरात फुटबॉलनं मूळ धरलं तेव्हा संघ बांधायला नवं काही उभारावं लागलं नाही. माणसं, जागा, नाव, इभ्रत सगळं तयार होतं. चेंडू तेवढा नवा. म्हणून आजही कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या लीगमधली नावं वाचली की बाहेरगावचा माणूस चक्रावतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ. आणि माझं सर्वांत आवडतं, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. देव आला, वाघ आला, आणि 'प्रासादिक' तर थेट भजनी मंडळाच्या पाटीवरून उतरलेला. असा संघ कॉर्नर किक घेताना जगात कुठं सापडेल? 'दिलबहार' कानाला कव्वालीच्या पार्टीचं नाव वाटतं, पण मैदानात त्यांच्याशी गाठ पडली की बहार बाजूला राहते. या गर्दीत 'प्रॅक्टिस क्लब' हे एक इंग्रजी नाव. त्याचं भाषांतर करून पाहा: सराव मंडळ. म्हणजे तालीमच की!

आता इंग्लंड.

ख्रिस्ती पंचांगात ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो. पूर्वी त्यात मांस, चरबी, अंडी बंद. हा उपास सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत जे खाऊन-पिऊन घ्यायचं, जी दंगामस्ती उरकायची, ती म्हणजे कार्निव्हल. शब्दाचं मूळ लॅटिनमधलं, मांस दूर सारणं या अर्थाचं. गोव्यात त्यालाच इंत्रूज म्हणतात. पोर्तुगीज 'एंत्रुदो'वरून आलेला तो शब्द, अर्थ प्रवेश, म्हणजे उपासाच्या काळात प्रवेश. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. श्रावण लागायच्या आधीची गटारी आपण पाळतोच. कारण गटारीचं, रूप शिमग्याचं, असा हा सण. दिवसही शिमग्याच्या आसपासचे, कारण ईस्टर आणि होळी दोन्ही वसंताच्या तोंडच्या पौर्णिमेला बांधलेले.

इंग्लंडात उपासाआधीचा शेवटचा मंगळवार हा चेंडूचा दिवस होता. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफन यानं लंडनचं वर्णन लिहून ठेवलं आहे, त्यात त्या दिवशी सकाळी कोंबड्यांच्या झुंजी आणि जेवण झाल्यावर शहराबाहेरच्या माळावर तरुणांचा चेंडूचा खेळ, असं स्पष्ट येतं. पुढं हा खेळ रस्त्यावर उतरला. एका बाजूला अर्धं गाव, दुसऱ्या बाजूला उरलेलं अर्धं. संख्या मोजायची नाही, वेळ पाहायची नाही. दुकानांच्या फळ्या फुटत, हातपाय मोडत. 1314 साली लंडनच्या महापौरानं राजाच्या नावानं बंदी घातली. त्यानंतर बंदी घालण्याचीच एक परंपरा झाली, आणि जी गोष्ट पुन्हा पुन्हा बंद करावी लागते ती बंद झालेली नसते, हे सांगायला इतिहासकार नको. 1835 च्या कायद्यानं सार्वजनिक रस्त्यावर फुटबॉल खेळणाऱ्याला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड ठेवला, तेव्हा कुठं बहुतेक गावांतून हा खेळ उठला.

एका गावानं मात्र ऐकलं नाही. डर्बीशायरमधल्या ॲशबोर्नला तो अजून चालतो, मंगळवारी आणि लगेच दुसऱ्या दिवशी बुधवारी. गावातून हेनमोर नावाचा ओढा वाहतो. ओढ्याच्या उत्तरेला जन्मलेला 'अपर्ड', दक्षिणेला जन्मलेला 'डाउनर्ड'. संघ निवडायचा नसतो, आईनं आधीच निवडलेला असतो. दोन गोलांमध्ये तीन मैलांचं अंतर. चेंडू चामड्याचा, आत बुचाचा भुसा भरलेला म्हणजे पाण्यात तरंगावा, आणि वर हातानं सुंदर चित्रं रंगवलेली. दुपारी दोनला तो गर्दीत फेकला जातो आणि रात्री दहापर्यंत गर्दी त्याला ओढत असते, बरेचदा ओढ्याच्या थंडगार पाण्यातूनच. गोल म्हणजे जात्याचा दगड. त्यावर चेंडू तीनदा आपटला की झालं. नियम थोडकेच: खून करायचा नाही, चेंडू मोटारीतून न्यायचा नाही, स्मशानात शिरायचं नाही. दुकानदार आदल्या दिवशीच दर्शनी काचांवर फळ्या ठोकून घेतात. 1928 साली युवराजानं, म्हणजे पुढच्या आठव्या एडवर्डनं, चेंडू फेकला, तेव्हापासून हा खेळ 'रॉयल' झाला. राजानंच आधी बंदी घालायची आणि राजाच्याच वारसानं चेंडू फेकायचा, असं ते गाव.

फ्लॉरेन्सचीही अशीच एक गोष्ट. 1530 च्या फेब्रुवारीत शहराला बादशाही फौजांचा वेढा पडलेला, आत खायची मारामार, आणि अशात कार्निव्हलचे दिवस आले म्हणून फ्लॉरेन्सकरांनी सांता क्रोचे चौकात चेंडूचा सामना मांडला, शत्रूला दिसेल असा. त्या खेळाचं नाव कॅल्चो. इटलीत फुटबॉलला आजही हेच नाव आहे. शहराच्या चार पेठा, चार रंग: निळा, तांबडा, पांढरा, हिरवा.

म्हणजे फुटबॉलचं मूळ घर कॉलेजचं मैदान नव्हे. तो शिमग्याचा, पेठेविरुद्ध पेठेचा खेळ. पब्लिक स्कूलवाल्यांनी त्याला पकडून आंघोळ घातली, भांग पाडला. 1863 साली लंडनमधल्या एका खानावळीत फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली आणि नियम लिहिले गेले. पहिल्याच नियमात मैदानाची लांबी जास्तीत जास्त 200 यार्ड, रुंदी 100 यार्ड, आणि कडेनं निशाणं रोवायची. पुढं 1897 मध्ये एका बाजूला अकराच गडी हेही नियमात आलं.

मला विचाराल तर सपोर्टरचा जन्म या दोन नियमांत आहे. ॲशबोर्नला सपोर्टर नसतो, तिथं सगळं गावच खेळतं. निशाणं रोवून, अकरा माणसं आत घेऊन, उरलेल्या गावाला तुम्ही बाहेर उभं केलंत. ते गाव घरी गेलं नाही. निशाणाच्या अलीकडे उभं राहून ओरडायला लागलं.

हा आंघोळ घातलेला फुटबॉल फौजा आणि पाद्री यांच्याबरोबर आपल्याकडे आला. गोव्यात 1883 साली फादर विल्यम लायन्स यांनी शिवोलीला तो आणला. 1888 साली सिमल्यात ड्युरँड कप सुरू झाला, 1891 साली मुंबईत रोव्हर्स कप. गोव्यात खरं तर दोन्ही वस्तू एकाच अंगणात होत्या, पोर्तुगिजांचा इंत्रूज आणि पाद्र्याचा चेंडू. पण इंत्रूजाला खेळ, गाणी, 1965 नंतर पणजीत राजा मोमोची मिरवणूक, असा वेगळा रस्ता मिळाला आणि चेंडू गावोगावच्या मैदानांवर राहिला. त्यांची गाठ पुन्हा पडली नाही. ती पडली जिथं कुणी अपेक्षा केली नसती तिथं, पैलवानांच्या गावात.

कोल्हापूरचा हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शिमगा बरोबर मधे येतो. आमच्या वऱ्हाडात धुळवडीलाच सगळा रंग संपतो. कोल्हापूर पाच दिवस थांबतं, रंगपंचमीला खेळतं, आणि फुटबॉलच्या मोसमात त्या पाच दिवसांत शाहू स्टेडियमवरच्या मॅचही असतात. पाटाकडील आणि प्रॅक्टिस दोघेही मंगळवार पेठेतले, शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा दोघेही शिवाजी पेठेतले. म्हणजे वैर ओढ्यापलीकडचंही नाही, शेजारच्या बोळातलं. मॅचच्या दिवशी दुपारपासून तालमीपुढं पोरं जमतात, हलगी कडाडते, झेंडे निघतात, आणि मोटारसायकली स्टेडियमकडे सुटतात. जिंकलं की त्याच रस्त्यानं परत, हरलं की वेगळ्या. कधी गॅलरीतली भांडणं पेठेत येतात, मग केएसए आणि पोलीस बंदीचे कागद काढतात. 1314 सालचा तो लंडनचा महापौर हे पाहून गालात हसला असता. कोल्हापुरात महापौरांच्या नावाचा चषकही असतो, हे कळल्यावर मात्र त्याला ठसका लागला असता.

या तालमींच्या मैदानातून निखिल कदम मोहन बागानपर्यंत गेला. कोल्हापूरचाच अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. उलट दिशेनंही येणं झालंच. आता तालमींचे संघ बाहेरून खेळाडू आणतात, नायजेरियाहूनसुद्धा. लागोसचा उंचापुरा गडी तालीम मंडळाची जर्सी घालून हेडर मारतो आणि गॅलरीतून त्याला अस्सल कोल्हापुरीत सल्ले मिळतात. जुन्या मंडळींना हे रुचत नाही, पेठेचा पोरगा बाकड्यावर बसतो म्हणून. त्यांची तक्रार खरी आहे. अकरांत पेठ उरली नाही तर ती जाणार कुठं? ती कट्ट्यावर जाते, गॅलरीत जाते. तिथं मात्र बाहेरचा माणूस विकत आणता येत नाही. अपवाद आमच्या पुतण्याचा. तो खोली घेऊन राहतो ती गल्ली एका तालमीची, एवढ्यावर त्याला कट्ट्यावर जागा मिळाली.

रंगपंचमीनंतर आला एकदाचा. आईनं जपून ठेवलेली गाठी गळ्यात घातली, तर खाली जर्सी, छातीवर मोठ्या अक्षरांत तालीम मंडळाचं नाव. संध्याकाळी मारुतीच्या पारावर गेलो. एका म्हाताऱ्या पैलवानानं ती अक्षरं हळूहळू वाचली, पोराचा काटकुळा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि म्हणाला, "तालमीत जातं म्हन्तं, आन् आंगावर मांस कुठी हाये बापा?"