मुद्दाम कच्ची ठेवलेली शिवण

अमेरिकेत झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या जपून ठेवून त्या घरीच पुन्हा भरणाऱ्या छंदिष्टांची संख्या मोठी आहे. दारू पेटवणारी जुनी टोपी काढायची, नवी बसवायची, दारू तोलून ओतायची आणि वर गोळी दाबायची, असे हे काम. दारू तोलतात ती ग्रेनमध्ये. एका पौंडात 7000 ग्रेन बसतात आणि पिस्तुलाच्या एका काडतुसाला चार-पाच ग्रेन पुरतात. म्हणजे पौंडाचा एक डबा हजाराहून जास्त काडतुसे पुरवतो आणि महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे कामाच्या टेबलावर राहतो. बंदुकीच्या दारूच्या जुन्या डब्यांवर या मंडळींचा एवढा जीव का, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. वडिलांच्या टेबलावरचा लाल पत्र्याचा डबा मुलाने लहानपणभर पाहिलेला असतो. दारू कधीच संपून जाते, पण डबा टाकवत नाही.

हा डबा पुष्कळ उशिरा आला. त्याआधी होते लाकडी पिंप. रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या हाताखाली फ्रान्सच्या सरकारी कारखान्यात दारूचे शास्त्र शिकलेल्या एल्युतेर इरेने द्यू पाँने 1802 मध्ये डेलावेअर राज्यात ब्रँडीवाइन ओढ्याच्या काठी गिरण्या उभारायला घेतल्या. तिथली दारू 25 पौंडांच्या पिंपांतून बाहेर पडे. ठिणगीच्या भीतीने या पिंपांना लोखंडी पट्ट्यांऐवजी लाकडी कड्या घालत. गावचा दुकानदार पिंप फोडून सुटी दारू तोलून देई आणि शिकारी ती आपल्या शिंगात भरून नेई. बैलाचे शिंग तासून इतके पातळ करत की उजेडात धरले की आत किती दारू उरली ते दिसे. शिंगाला पाणी लागत नाही आणि त्यातून ठिणगीही पडत नाही. या कामाला त्याहून चांगले भांडे त्या काळी कोणाला सापडले असेल असे मला वाटत नाही.

ब्रँडीवाइनच्या गिरण्या आज हॅगली संग्रहालयात पाहायला मिळतात. प्रत्येक इमारतीच्या तीन भिंती जाड दगडी आहेत. ओढ्याकडची चौथी बाजू आणि छप्पर मात्र हलक्या लाकडाचे असे. स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे निघून जावा आणि शेजारची गिरणी वाचावी, असा त्यामागचा हिशेब. स्फोट होतही. 1818 मध्ये तिथे तीसहून अधिक माणसे मेली. ही चौथी भिंत लक्षात ठेवावी, कारण पुढे डब्यातही तीच युक्ती आली.

एकोणिसाव्या शतकात पौंडा-अर्ध्या पौंडाचे पत्र्याचे डबे रूढ झाले आणि त्यांच्याबरोबर चित्रे आली. दारू काळी आणि सगळ्यांची दिसायला सारखीच. मग गिऱ्हाइकाने आपला डबा ओळखावा कसा? कनेक्टिकटच्या हॅझर्ड कंपनीची ‘केंटकी रायफल’, द्यू पाँची ‘इंडियन रायफल’, लाफ्लिन अँड रँडची ‘ऑरेंज’ अशी नावे आणि चित्रांची लेबले त्यासाठी निघाली. संग्राहक आज ज्याला भुलतात ती ही लेबले. ती सुंदर आहेत यात वाद नाही. पण डब्याच्या आतल्या मालाची वाट मला जास्त मोलाची वाटते, कारण तिचे एक टोक आपल्याकडे आहे. चांगल्या दारूला लागणारा सोरा मुख्यतः बिहार-बंगालमधून जाई. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर 1861 मध्ये त्याच घराण्यातला लॅमो द्यू पाँ उत्तरेकडच्या सरकारसाठी इंग्लंडमध्ये जाऊन हिंदुस्थानी सोरा विकत घेत होता. त्याच सुमारास एका जहाजावरून दोन्ही देशांत तंटा झाला आणि ब्रिटिश सरकारने तो माल अडवून धरला. तंटा मिटला तेव्हाच तो अमेरिकेला पोचला. केंटकीच्या शिकाऱ्याचे चित्र मिरवणाऱ्या डब्यात मूळ ऐवज गंगेकाठचा असू शकतो, हे लेबलावर कुठेच लिहिलेले नसे.

शतक संपता संपता धूर न होणारी दारू आली. लाफ्लिन अँड रँडने 1898 मध्ये ‘बुल्सआय’ आणि 1900 मध्ये ‘युनिक’ विकायला काढली. 1902 मध्ये ती कंपनी द्यू पाँच्या हातात गेली. 1912 मध्ये न्यायालयाने द्यू पाँची मक्तेदारी मोडली, त्यातून हर्क्युलीस ही कंपनी जन्मली आणि ‘युनिक’ तिच्या वाट्याला आली. 1995 मध्ये ती अलायंटकडे गेली. म्हणून लेबलावर कंपनीचे नाव कोणते, यावरून जाणकार डब्याचे वय सांगतात. पत्त्यात पाच आकडी पोस्टाचा क्रमांक असला तर डबा 1963 नंतरचा, कारण अमेरिकेत तो क्रमांक त्या साली सुरू झाला.

हा छंद घरोघरी पोचवला तो दुसऱ्या महायुद्धाच्या उरलेल्या मालाने. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने सरकारकडून रायफलची ‘4895’ दारू ढीगभर उचलली, ती ठेवायला रेल्वेचा जुना डबा आणवला आणि पौंडाला 75 सेंट या भावाने विकली. मालकाच्या नावाचे साधे लेबल लावलेले त्या काळचे डबेही आज लोक जपतात.

मग पुठ्ठ्याचे डबे आले, त्यांच्या मागून प्लास्टिकच्या बाटल्या. इथेच जुन्या लोकांची हळहळ सुरू होते. तिची मला कदर आहे, तरी न्याय प्लास्टिकच्या बाजूने द्यावा लागेल. धूर न होणारी दारू मोकळ्यावर भराभर जळते, पण कोंडली की फुटते. म्हणून तिचा डबा थोड्याच दाबाने शिवणीवर उकलावा असाच बनवतात. पत्र्याची शिवण, पुठ्ठ्याचा सांधा, बाटलीची पातळ भिंत ही सगळी ब्रँडीवाइनच्या चौथ्या भिंतीची वंशावळ आहे. घराला आग लागली तर दारू भसकन जळून जावी, बाँब होऊ नये, एवढ्यासाठी ती शिवण कच्ची ठेवलेली असते. पक्क्या झाकणाच्या लोखंडी पेटीत किंवा काचेच्या बरणीत दारू ठेवणारा ही सगळी मेहनत फुकट घालवतो.

जुन्या डब्यात धूर न होणारी दारू शिल्लक असली तर नाक उपयोगी पडते. चांगल्या दारूला ईथरसारखा हलका वास येतो. बिघडलेल्या दारूचा वास आंबट, नाकात झोंबणारा असतो, दाण्यांवर तांबूस धूळ दिसते आणि पत्रा आतून गंजलेला असतो. दारू कुजताना निघणारा वायू पत्रा खातो. अशी दारू जवळ ठेवण्यात धोका आहे, कारण ती आपसूक पेटू शकते.

म्हणून जुने डबे जरूर जमवा, पण रिकामे. त्यात नवी दारू भरू नका. आत एक आणि लेबलावर दुसरीच दारू असली, तर ते लेबल वाचून माप घेणाऱ्याची बंदूक त्याच्याच तोंडाशी फुटू शकते. आणि आपल्याकडे कोणाच्या माळ्यावर आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीबरोबर भरलेला डबा निघाला, तर तो हलवू नका, उघडू नका, थेट पोलिसांना कळवा.