पंचविशीच्या आतले मैदान

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावची राजवाडी होळी पाहायला दर फाल्गुनात लांबलांबून माणसे येतात. गगनात गेलेला तो उंच बांबू, मोरपिसांचे टोप, कमरेला बांधलेले वाळके भोपळे आणि घुंगरू, ढोलाच्या तालावर रात्रभर चाललेला नाच आणि पहाटे पेटणारी होळी. ते न थकणारे पाय पाहून शहरातून आलेला पाहुणा एक ठरलेले वाक्य बोलून जातो : ‘ही डोंगरातली मुले ऑलिंपिकला का जात नाहीत?’

प्रश्न कौतुकाचा असतो, पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. खेळाडू पायांनी घडतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तो पायांइतकाच कागदांनी घडतो. जन्मतारखेचा दाखला, महाविद्यालयाचे बोनाफाईड, विद्यापीठ संघातल्या निवडीचे पत्र आणि स्पर्धेचे प्रमाणपत्र हे चार कागद हाती नसतील, तर मैदानावरचा पराक्रम पोटापाण्याच्या कामी येत नाही. हे कागद महाविद्यालयात नाव असेपर्यंतच मिळतात. आपल्याकडचा खेळाडू महाविद्यालयात किती वर्षे राहतो आणि का राहतो, याचा इतिहास म्हणूनच या कागदांचा इतिहास आहे.

सुरुवात अर्थातच डोंगरात झाली नाही. हिंदुस्थानातील विद्यापीठांना एकत्र आणणारे इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड १९२५ साली स्थापन झाले. १९७३ मध्ये त्याचेच नाव भारतीय विद्यापीठ संघ असे झाले. १९३५-३६ पासून आंतरविद्यापीठ क्रिकेटसाठी रोहिंटन बारिया करंडक सुरू झाला आणि मुंबई विद्यापीठाने पुढे त्यावर अनेकदा नाव कोरले. त्या काळी महाविद्यालयीन खेळाडू म्हणजे बहुधा सुस्थितीतल्या घरचा मुलगा. खेळ ही त्याची हौस होती. पण मुंबईत गिरण्या, कंपन्या आणि बँका आपापले संघ उभे करू लागल्या, टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा रंगू लागल्या आणि चांगल्या फलंदाजाला नोकरी चालून येऊ लागली. खेळातून थेट पैसा नाही, पण खेळामुळे पगार आहे, अशी ही मधली वाट. आपल्या क्रीडाव्यवस्थेचा पाया तोच ठरला.

ही वाट सर्वांसाठी नव्हती, याची साक्ष खाशाबा जाधवांच्या आयुष्यात मिळते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिकमध्ये लढले. १९५२ च्या हेलसिंकीला जायचे तर पैसा हवा होता, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची नोकरी मिळायला १९५५ साल उजाडले. या कथेतला प्राचार्यांचा मोठेपणा आपण सांगतो, पण तिच्यातली दुसरी गोष्ट नजरेआड होते. ऑलिंपिकच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूला आधार देणारी संस्था त्या वेळी महाविद्यालयच होती. सरकारी व्यवस्था पुढे आली ती पदकानंतर, आणि तीही नोकरीच्या रूपाने.

नोकरीचे हे नाते पुढे नियमांत उतरले. केंद्र सरकारच्या ४ ऑगस्ट १९८० च्या आदेशाने गुणवान खेळाडूंच्या थेट भरतीचे निकष ठरवले. देशाचे वा राज्याचे प्रतिनिधित्व करणाऱ्यांबरोबरच आंतरविद्यापीठ स्पर्धेत आपल्या विद्यापीठाकडून खेळलेल्यालाही त्यात पात्र धरले होते. या एका कलमाने विद्यापीठाच्या जर्सीला बाजारभाव आला. महाराष्ट्र शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण ठेवले. कोणत्या दर्जाच्या स्पर्धेतले यश कोणत्या गटातल्या पदाला चालेल याची उतरंडही आखली. दहावी-बारावीला सवलतीचे गुण आधीच होते. शाळेपासून नोकरीपर्यंत प्रमाणपत्रांची एक शिडी तयार झाली.

शिडी म्हटली की तिच्या पायऱ्यांना मापे आली. आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरणारा विद्यार्थी पूर्णवेळ शिकणारा हवा, त्या वर्षीच्या १ जुलैला त्याचे वय सतरापेक्षा जास्त आणि पंचविसापेक्षा कमी हवे, आणि पदवीच्या प्रवेशाला पात्र करणारी परीक्षा, म्हणजे आपल्याकडची बारावी, उत्तीर्ण होऊन आठपेक्षा अधिक शैक्षणिक वर्षे लोटलेली नसावीत. जागतिक विद्यापीठ स्पर्धांतही पूर्वीची अठ्ठावीसची मर्यादा २०१९ च्या नेपल्स स्पर्धेपासून पंचवीसवर आली.

आता जरा गणित मांडून पाहू. अठराव्या वर्षी बारावी झालेला मुलगा बी.ए.ची तीन वर्षे करतो. मग बी.पी.एड.; राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनंतर हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्यापुढे एम.पी.एड.ची आणखी दोन वर्षे. तीन अधिक दोन अधिक दोन म्हणजे सात. अठरा अधिक सात, पंचवीस. पदव्यांची ही रांग आणि पात्रतेची मर्यादा एकमेकींत चपखल बसतात. कोणी कट करून हे जुळवले असे नव्हे. पण एकदा जुळल्यावर माणसे त्याप्रमाणे वागू लागतात. ‘एम.ए.ला प्रवेश घेतलाय, विद्यापीठाकडून अजून दोन सीझन खेळायचंय’ हे वाक्य क्रीडाशिक्षकांना नवे नाही. प्रवेश शिक्षणासाठी आहे की पात्रतेसाठी, हे त्या मुलालाही नेमके सांगता येत नाही.

२०२० साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या आणि या थांबण्याला आणखी एक कारण मिळाले. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला किरकोळ खर्चासाठी वर्षाला १ लाख २० हजार रुपये, म्हणजे महिना दहा हजार मिळतात. शेतकरी किंवा मजूर घरात ही रक्कम लहान नाही.

अमेरिकेत याच प्रश्नाने सध्या मोठी उलथापालथ केली आहे. तिथल्या महाविद्यालयीन खेळांच्या संघटनेचा उगम १९०६ सालचा. खेळाडू हा ‘विद्यार्थी-खेळाडू’ आहे, कामगार नव्हे, असे म्हणत तिने शतकभर खेळाडूंना मोबदला नाकारला. सामन्यांच्या प्रक्षेपणातून मात्र महाविद्यालये आणि प्रशिक्षक गब्बर झाले. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर महाविद्यालयांना खेळाडूंमध्ये पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट वाटता येऊ लागली. परिणाम असा, की व्यावसायिक लीगकडे पळणारे तरुण महाविद्यालयातच रेंगाळू लागले. पाच वर्षांत चार हंगाम या जुन्या नियमाला कोविडच्या वाढीव हंगामाने सैल केले होते. आता आणखी एक वर्ष खेळू द्या म्हणून खेळाडू न्यायालयाची पायरी चढत आहेत.

दोन्हीकडे खेळाडू थांबतो, पण कारणे उलट आहेत. तिथे महाविद्यालयात पैसा आहे म्हणून तो थांबतो. इथे महाविद्यालयानंतर पैसा मिळेल या आशेवर थांबतो. तिथला प्रश्न मिळकतीच्या वाटपाचा आहे. इथला प्रश्न असा, की वाट पाहण्याची सात वर्षे कोणाला परवडतात?

इथे आपण पुन्हा काठीच्या वाटेला लागू. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. हा भाग जळगावच्या विद्यापीठाच्या कक्षेत येतो. ते विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० चे, आज कवयित्री बहिणाबाई चौधरींच्या नावाचे. काठीहून जळगाव दोनशे किलोमीटरच्या आसपास. डोंगरातल्या मुलाचे पहिले मैदान आश्रमशाळेचे. आदिवासी विकास विभागाच्या तळोदा प्रकल्पाच्या स्पर्धा, मग विभागीय, मग राज्यस्तरीय. इथवर राहण्याजेवण्याची सोय असते. बारावी झाली की ती सुटते आणि नेमक्या त्याच वर्षी विद्यापीठाच्या पात्रतेचे घड्याळ चालू होते.

समोर तेव्हा तीन वाटा असतात. पहिली ऊसतोडीची. दिवाळी सरली की या पट्ट्यातली कुटुंबे गुजरातकडे तोडीला उतरतात, आणि अठरा वर्षांचा मुलगा म्हणजे दोन भक्कम हात. दुसरी वाट भरतीची. सैन्यात २०२२ पासून अग्निपथ योजना आली. साडेसतराव्या वर्षी अर्ज करता येतो, पण उमेदवारी चारच वर्षांची. पोलीस भरतीत सोळाशे मीटरची धाव आहे आणि डोंगरातली मुले तिच्याच तयारीत पहाटे रस्त्याने पळताना दिसतात. तिसरी वाट महाविद्यालयाची. तिथे सात वर्षे टिकले तर विद्यापीठाचा रंग, राष्ट्रीय प्रमाणपत्र आणि कदाचित चांगल्या दर्जाची नोकरी. भाडे आणि जेवण यांसाठी शासनाची स्वयम् योजना आहे, वसतिगृहे आहेत. पण रक्कम वेळेवर हाती पडली नाही, तर एक सत्र बुडायला एवढेच पुरते.

त्यात जन्मतारखेचा खेळ. आपल्या खेड्यापाड्यांत कितीतरी जणांचा जन्म १ जूनचा आहे. खरी तारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घातली आणि तीच आयुष्यभर चिकटली. विद्यापीठाच्या स्पर्धेसाठी वय मोजतात १ जुलैला. म्हणजे कागदावर १ जूनला जन्मलेला मुलगा बरोबर एक महिन्याने पंचविशीपार ठरतो आणि त्याचा पूर्ण हंगाम जातो. ऑगस्टचा वा डिसेंबरचा जन्म नोंदला असता तर तो खेळला असता. गुरुजींच्या टाकाचा एक फराटा वीस वर्षांनी निवड यादीत असा उमटतो.

नियम मोडीत काढा, असे म्हणण्याचा हेतू नाही. वयाची अट नसेल तर तिशीतले पोक्त खेळाडू अठरा वर्षांच्या पोरांच्या जागा अडवतील. प्रमाणपत्राची पडताळणी सैल केली तर काय होते, हे बनावट क्रीडा प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी महाराष्ट्राला दाखवले आहे. दोष अटींत नाही, पैशाच्या वेळेत आहे. आपली सारी बक्षिसे शेवटच्या पायरीवर ठेवलेली आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकले, तेव्हा सर्वांनी तिला उचलून धरले. तिच्या वाटेने निघून विसाव्या वर्षी परतलेल्या मुलींची नोंद कोणत्या दप्तरात आहे?

प्राचार्य खर्डेकरांनी सात हजार रुपये दिले ते पदकाच्या आधी. त्या व्यवहारातली शिकण्याजोगी गोष्ट तीच आहे. बारावीच्या निकालापासून पहिल्या विद्यापीठ स्पर्धेपर्यंतचे दीड-दोन वर्षांचे अंतर कोणी भरून काढले, महिन्याचा खर्च आणि तालुक्याच्या गावी एक बरे मैदान एवढे दिले, तर थांबणे ही चैन उरणार नाही.

काठीच्या होळीत नाचायला वयाचा दाखला लागत नाही. पण होळी विझली की सकाळी त्याच मुलांना खाली उतरायचे असते. कुणाला तोडीच्या फडावर, कुणाला भरतीच्या रांगेत, कुणाला महाविद्यालयात. पाहुण्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या उतरणीच्या वाटेवर आहे.